नियमित व्यायाम आणि श्रावकाचा वीर्याचार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पन्नास वर्षांपूर्वी प्रवचनाची बैठक संपूर्णपणे जमिनीवर असे. सतरंज्या अंथरल्या जात, प्रत्येक जण घरून आपले आसन आणी आणि सत्तरीचे आजोबादेखील मांडी घालून पूर्ण व्याख्यान ऐकत. खुर्ची असली तर एखादी, तीही अतिवृद्ध व्यक्तीसाठी. आज बहुतेक स्थानकांत आणि मंदिरांच्या सभामंडपांत मागील भिंतीलगत खुर्च्यांची रांग मांडलेली दिसते आणि दर चातुर्मासात तिच्यात दोन-चार खुर्च्यांची भर पडते. पन्नाशीतील गृहस्थही आता तेथे निःसंकोच बसतात. सामायिकाचे आसन घरून येते खरे, पण ते खुर्चीवर पसरले जाते. गुरुवंदनेच्या वेळी पुढील मंडळी तीन वेळा पंचांग नमवून उठतात. मागील रांग बसल्या जागीच हात जोडते.

ज्यांचे सांधे खरोखर झिजले आहेत, ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यासाठी खुर्ची ही आवश्यक सोय आहे आणि त्यांच्याविषयी येथे टीकेचा शब्दही नाही. परंतु त्या रांगेतील पुष्कळांचे गुडघे वयाने नव्हे, तर न वापरल्याने आखडले आहेत. मांडीचे स्नायू दुबळे झाले की सारा भार गुडघ्यावर येतो, गुडघा दुखतो म्हणून हालचाल कमी होते आणि हालचाल कमी झाली की स्नायू आणखी दुबळे होतात. चक्रवाढ व्याजाचा हा प्रकार व्यापारी समाजाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

समाजाचा परंपरागत व्यवसाय बैठा, हे या दुखण्याचे एक कारण आहे. तरी पूर्वीचा बैठा व्यवसाय आजच्याइतका बैठा नव्हता. कापडाचेच उदाहरण घ्यावे. दुकानदार गादीवर बसे. पण गिऱ्हाईक आले की उठून ठाण काढणे, उलगडणे, मोजणे, पुन्हा गुंडाळून घोड्यावर चढून वरच्या फळीत ठेवणे हे दिवसातून शंभर वेळा घडे. खरेदीसाठी मुंबईला मूळजी जेठा मार्केटच्या गल्ल्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायी पालथ्या घालाव्या लागत. आज नमुने मोबाइलवर येतात, मागणी मोबाइलवर जाते, माल वाहतूक कंपनी दारात आणून टाकते आणि ठाण काढायला पगारी मुले आहेत. घर ते दुकान हे अर्धा किलोमीटरचे अंतरही दुचाकीवर कापले जाते. व्यापार वाढला ही आनंदाची गोष्ट. मात्र त्याबरोबर शरीराची नकळत होणारी मशागत बंद पडली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

या संदर्भात लंडनमधील एक जुने संशोधन मनन करण्यासारखे आहे. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बसवर दोन माणसे. चालक दिवसभर बसलेला, तर वाहक दुमजली बसच्या जिन्यावरून तिकिटे देत सतत वर-खाली करणारा. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि ज्यांना झाला त्यांना तो उशिरा व सौम्य स्वरूपात झाला. पुढे १९५६ मध्ये याच संशोधकांनी गणवेशाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांच्या विजारीचे कमरेचे माप वाहकांपेक्षा मोठे असल्याचे दिसले. याचा अर्थ दोघांतील फरक काही अंशी आधीपासूनचाही असू शकेल, हे त्यांनी प्रामाणिकपणे पुढे आणले. त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला बळकटीच दिली. कोणत्याही पेठेत मालक आणि हमाल यांच्या कमरेची मापे घेतली, तर लंडनला जाण्याचे कारण उरणार नाही.

भारतापुरते बोलायचे, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह असून आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावर असणाऱ्यांना माघारी फिरता येते, हेही सिद्ध झाले आहे. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात आठवड्याला दीडशे मिनिटांची हालचाल आणि वजनातील थोडी घट यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. गोळी घेणाऱ्या गटात ही घट ३१ टक्के होती. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीय लोकांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहार व चालणे यांनी हे प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झाले. आकडा अमेरिकेपेक्षा लहान आहे. पण कोणता व्यापारी साडेअठ्ठावीस टक्के बचत नाकारील?

हे सर्व थोड्याफार फरकाने प्रत्येकाला ठाऊक आहे. उणीव ज्ञानाची नाही. पेठेतील एखाद्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला हृदयविकाराचा झटका येतो, अंत्ययात्रेहून परतताना सारे गंभीर असतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर नवे बूट घातलेली वीस माणसे दिसतात. पंधरवड्यानंतर त्यांतील चार-पाच उरतात. मराठीत यालाच स्मशानवैराग्य म्हणतात. भीतीचे भांडवल फार दिवस पुरत नाही. हौसेचीही तीच गत. एक जानेवारीला किंवा पाडव्याला जिमची वर्षभराची फी आगाऊ भरली जाते. फेब्रुवारीपासून ती फी म्हणजे गोदामात पडून राहिलेला माल होतो. घरी आणलेल्या चालण्याच्या यंत्रावर टॉवेल वाळत घातलेले कोणी पाहिले नाहीत?

काही मंडळी येथे तात्त्विक आक्षेप घेतात. देह आणि आत्मा भिन्न आहेत, हा तर जैन दर्शनाचा पाया. मग देहाचे लाड कशासाठी? आक्षेप गंभीर आहे आणि त्यात अर्धे सत्यही आहे. आरशासमोर दंड फुगवून पाहणे हा देहाचा मोहच होय. परंतु आक्षेप घेणारे गृहस्थ त्याच देहासाठी मिठाई, वातानुकूलित खोली आणि मऊ गादी मात्र सहज स्वीकारतात! देहाविषयीची अनासक्ती नेमकी व्यायामाच्याच वेळी जागी व्हावी, हे संशयास्पद आहे. साधू-साध्वी देहाला संयमाचे साधन मानून त्याला आहार देतात आणि त्याच देहाने आयुष्यभर अनवाणी विहार करतात.

शास्त्रकारांनी पाच आचार सांगितले : ज्ञानाचार, दर्शनाचार, चारित्राचार, तपाचार आणि वीर्याचार. पहिल्या चारांची चर्चा वारंवार होते. पाचवा बहुधा केवळ यादीत उच्चारला जातो. वीर्याचार म्हणजे अंगी असलेली शक्ती न लपवता धर्मकार्यात वापरणे. शक्ती असूनही ती चोरणे हा दोष. मग जी शक्ती आळसाने क्षीण होऊ दिली आणि नंतर ‘आता जमत नाही’ असे सांगितले, तिचे काय? या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. भगवान महावीरांना ऋजुवालिका नदीच्या काठी केवलज्ञान झाले, ते गोदोहिका आसनात, म्हणजे गाईची धार काढणारा उकिडवा बसतो त्या स्थितीत, असे परंपरा सांगते. त्या आसनात एक मिनिटभर तोल सावरून बसू शकणारे आज किती निघतील?

येथे एक गल्लत टाळावयास हवी. चालणे किंवा आसने करणे म्हणजे बाह्य तपातील कायक्लेश नव्हे आणि त्याने निर्जरा होते असा दावाही येथे नाही. सांगायचे ते इतकेच की, नियमितपणाची जी कला जगाला आज अवघड वाटते, ती या समाजाच्या घराघरांत शतकानुशतके नांदत आहे. जे घर नवकारसी कधी चुकवत नाही, ज्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही, त्या घराने ‘व्यायामात सातत्य राहत नाही’ अशी तक्रार करावी हे नवलच.

चौविहार करणाऱ्या श्रावकाला दररोज संध्याकाळी उत्साह कुठून येतो? येतच नाही, त्याला तो लागतही नाही. खावे की न खावे याचा निर्णय रोज नव्याने घ्यायचा नसतो, कारण तो पूर्वीच झालेला असतो. व्यायामाचे बिघडते ते येथेच. पहाटे गजर झाला की अंथरुणात पडल्या पडल्या मनाचे न्यायालय भरते. थंडी आहे, झोप अपुरी झाली, कालच तर गेलो होतो, उद्यापासून नक्की. या न्यायालयात आळसाचा वकील फार हुशार असतो. नियम घेतला की खटलाच चालत नाही.

पच्चक्खाणाची रचना बारकाईने पाहिली तर तीत मनुष्यस्वभावाची केवढी जाण दिसते! एक तर ते बहुधा मुदतीचे असते. नवकारसी सूर्योदयापासून दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, सामायिकही तेवढेच. दुसरे, ते झेपेल एवढेच घेतले जाते. तिसरे, ते शक्यतो गुरूंच्या किंवा संघाच्या साक्षीने घेतले जाते. आणि चौथी गोष्ट सर्वांत शहाणपणाची. त्यात आगार, म्हणजे सवलती, आधीच नमूद केलेल्या असतात. नवकारसीसारख्या छोट्या पच्चक्खाणातही विस्मरणाने किंवा अचानक घडणाऱ्या गोष्टीसाठी दोन आगार आहेत. नियम करणाऱ्यांनी माणूस चुकणारा आहे हे गृहीत धरले आणि म्हणूनच नियम टिकला.

व्यायामाचा नियमही असाच घ्यावा. ‘उद्यापासून रोज तासभर’ हा नियम नव्हे, ती घोषणा झाली. ‘या पक्षात रोज सकाळी दर्शनाहून परतताना वीस मिनिटे भरभर चालेन’ हा नियम. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, आधीच्या नित्यकर्माला जोडलेली आणि पंधरा दिवसांची मुदत. आगार लिहून ठेवावेत : ताप, प्रवास, घरातील दुःखद प्रसंग, उपवास वा अठाई. लग्नसराई, दिवाळीची गर्दी आणि मार्चअखेर यांना मात्र आगारांत जागा देऊ नये. नाहीतर वर्षाचे सहा महिने नियमाबाहेरच जातील.

सीझनमध्ये दुकान रात्री अकरापर्यंत चालते हे खरेच आहे. त्यासाठीही परंपरेत युक्ती आहे. ज्याला उपवास झेपत नाही तो आयंबिल करतो, ते न झेपले तर एकासणे, तेही नाही तर बियासणे आणि काहीच नाही तर नवकारसी. पायरी खाली येते, पण जिना सुटत नाही. धनत्रयोदशीच्या आठवड्यात चाळीस मिनिटांची दहा मिनिटे झाली तरी चालतील. शून्य मात्र होऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे. सलग दहा मिनिटे असली तरच ती धरावी, ही जुनी अट त्यांत नाही. म्हणजे दुकानाचा जिना दोनदा चढला तरी तो जमेच्या बाजूस लिहिता येतो. याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, असेही त्यांत आहे. या दोन गोष्टी आपल्याकडे जवळजवळ कोणीच करीत नाही. चालले की सर्व झाले, असा एक गैरसमज आहे.

आता नियम मोडल्यास काय करावे? बहुतेकांचा व्यायाम आळसाने सुटत नाही, तर एका खाड्याच्या खंतीने सुटतो. चार दिवस गावाला गेले, क्रम तुटला, मग ‘येत्या सोमवारपासून’, मग ‘एक तारखेपासून’. आवश्यक क्रियेत प्रतिक्रमण रोज दोन वेळा आहे, शिवाय पाक्षिक, चौमासी आणि संवत्सरी. चूक रोज होणार, तिची रोज आलोचना व्हावी आणि त्याच दिवशी पुन्हा मार्गावर यावे, हे त्यामागील तत्त्व. संवत्सरीपर्यंत चुका साठवून ठेवण्याची मुभा कोणी दिलेली नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांनी ९६ व्यक्तींच्या सवयींचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. ठरावीक प्रसंगाला जोडलेली एखादी साधी कृती अंगवळणी पडण्यास मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. व्यायामासारख्या कृतीला पाणी पिण्यासारख्या सोप्या कृतीपेक्षा जास्त दिवस लागले. आणि एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ या लोकप्रिय समजुतीवर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

हिशेब मात्र चोख हवा. घराच्या कॅलेंडरवर केलेल्या दिवशी एक टिंब, एवढीच वही पुरे. पाक्षिक प्रतिक्रमणाच्या दिवशी टिंबे मोजावीत. पंधरापैकी अकरा आली तर पुढील पक्षात तोच नियम. सातच आली तर नियम मोठा झाला असे समजून लहान करावा, स्वतःला दूषणे देत बसू नये. मोबाइलमध्ये दहा हजार पावलांचे लक्ष्य ठेवून त्यापायी बेचैन होणारेही आहेत. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. तो विक्रीचा आकडा होता, वैद्यकशास्त्राचा नव्हे. त्यापेक्षा कमी पावलांनीही भरपूर लाभ होतो.

श्राविकांविषयी वेगळे सांगणे अगत्याचे आहे. ‘घरकाम हाच त्यांचा व्यायाम’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि ते म्हणणारा प्रायः पुरुष असतो. घरकाम ही हालचाल आहे, श्रमही आहेत. पण ओट्यापाशी तासन् तास उभे राहण्याने श्वासाची ताकद वाढत नाही, फक्त पाय सुजतात. ज्या घरी सूर्यास्तापूर्वी सर्वांची ताटे वाढायची असतात, तेथील सुनेला संध्याकाळी फिरायला जा म्हणणे व्यर्थ आहे. तिला सकाळची तीस मिनिटे मिळायची, तर त्या वेळी चहा आणि डबा यांची जबाबदारी दुसऱ्या कोणीतरी उचलली पाहिजे. ‘तू जात का नाहीस?’ असे विचारण्यापेक्षा पातेले हाती घेणे अधिक उपयोगी ठरते.

आणखी काही व्यवहारातील अडचणी. चातुर्मासात ओल्या गवतावर आणि शेवाळ्यावर पाय ठेवणे पुष्कळ जण जीवदयेच्या भावनेने टाळतात. ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे चार महिने चालणेच बंद होते. कोरडा रस्ता, वाहनतळ, इमारतीचा व्हरांडा किंवा प्रवचनापूर्वी रिकामे असणारे सभागृह यांचा उपयोग करता येतो. पुढील चार हात जमीन पाहून चालणे ही ईर्यासमितीची शिकवण मोबाइल पाहत चालणाऱ्यांना अपघातापासूनही वाचवील. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी नवकारसीपूर्वी रिकाम्या पोटी फार चालू नये. साखर घसरून चक्कर येण्याचा धोका असतो. त्यांनी वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. जेवणानंतर चालण्याने जेवणामुळे वाढणारी साखर आटोक्यात राहते. चौविहार करणाऱ्यांना तर ही संधी आपोआप लाभते, कारण जेवण संपते तेव्हा रात्र पडलेली नसते. गल्ला पंधरा मिनिटे मुलाकडे सोपवावा. छातीत दडपण, धाप वा घेरी जाणवल्यास थांबावे आणि दाखवून घ्यावे. येथे वीर्याचाराचा दाखला देऊ नये.

खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी तर साधन समोरच आहे. हात छातीवर घडी करून खुर्चीवरून पूर्ण उभे राहावे आणि पुन्हा सावकाश बसावे. तीस सेकंदांत हे किती वेळा जमते, यावरून वृद्धांच्या पायांतील बळ पाहतात. ६५ ते ६९ वयोगटात पुरुषांचा आकडा १२ पेक्षा आणि स्त्रियांचा ११ पेक्षा कमी आला तर पडण्याचा धोका अधिक मानला जातो. खुर्ची भिंतीला टेकवून, सोबतीला कोणी असताना, रोज आठ-दहा वेळा असे केले तर मांडीला बळ येते. प्रवचन सुरू होण्यापूर्वीची पाच मिनिटे संपूर्ण मागील रांगेने एकत्र हे करण्यास कोणाचीच हरकत नसावी. एकटा माणूस लाजतो, रांग लाजत नाही.

संघाचे बळ हेच आहे. अठाई करणाऱ्याला शाता विचारायला घरी माणसे येतात, त्याची अनुमोदना होते, म्हणून आठवा दिवस सोपा जातो. पहाटे फिरायला येणारा एखादा ज्येष्ठ तीन दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी फोन करणारे दोघे असावेत. तेवढ्याने तो चौथ्या दिवशी येतो.

सम्मेदशिखरजीची वंदना नऊ किलोमीटर चढ, वर टोंकांची नऊ किलोमीटर फेरी आणि नऊ किलोमीटर उतार अशी एकूण २७ किलोमीटरची आहे. दरवर्षी येथून यात्रा निघते आणि मधुबनला पोचल्यावर डोलीची चौकशी सुरू होते. ज्यांना चढता येणे शक्य आहे त्यांनी यंदा तयारी आधी करावी. आषाढी चौमासीला नियम घेतला तर कार्तिकी पौर्णिमेपर्यंत सुमारे १२० दिवस मिळतात. पहिल्या पक्षात रोज वीस मिनिटे सपाट रस्त्याने, दर पक्षात पाच मिनिटांची भर आणि दुसऱ्या महिन्यापासून एक दिवसाआड दोन मजले जिना, इतके पुरे आहे. नियम घेऊ इच्छिणाऱ्यांची वही सभागृहाच्या दाराशी ठेवली आहे. तीत नाव, मुदत आणि आगार, असे तीन रकाने आहेत.

जय जिनेंद्र.